स्टँड-अप शोला जाताना: ओपन माइकपासून फेस्टिव्हलपर्यंत

स्टँड-अपचं तिकीट काढताना बहुतेक जण आधी नाव बघतात. कोण आहे, यूट्यूबवर किती चालतो, मित्रानं कुणाची रील पाठवली होती. त्याआधी बघायची गोष्ट म्हणजे शो कोणत्या प्रकारचा आहे. पहिल्याच वेळी माणूस हिरमुसून घरी येतो तेव्हा कारण बहुधा हेच असतं की तो ओपन माइकला गेला आणि त्यानं तयार, घासूनपुसून झालेल्या शोची अपेक्षा धरली. म्हणून सुरुवात प्रकारांपासून करू.

कोणता शो निवडायचा

ओपन माइक म्हणजे सरावाची जागा. एका संध्याकाळी दहा-पंधरा जण, प्रत्येकाला चार ते सहा मिनिटं. वेळ संपत आली की खोलीच्या मागून मोबाइलचा टॉर्च किंवा छोटा दिवा दाखवतात, त्याला ‘लाइट मिळणं’ म्हणतात. तो दिसला की कलाकारानं मिनिटभरात आवरायचं असतं. तिकीट साधारण शंभर-दोनशे रुपयांच्या घरात, काही कॅफेंत फुकटही. त्या रात्री दोन-तीन जण खरंच चांगले निघतील, चार-पाच बरे, बाकीचे शिकत असतील. हे माहीत असून गेलात तर ओपन माइकसारखी मजा कुठे नाही, कारण विनोद कच्चा असताना बघायला मिळतो. मोठी नावंही नवं लिहिलेलं तपासायला अचानक येऊन पाच मिनिटं करून जातात.

लाइनअप शोमध्ये एक होस्ट आणि चार-पाच कलाकार असतात. प्रत्येकाला दहा ते पंधरा मिनिटं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हाच शो घ्यावा. एकाचा विनोद नाही पटला तरी दहा मिनिटांत दुसरा येतो, आणि आपल्याला नेमकं काय आवडतं ते एका रात्रीत कळतं. गोष्टीवेल्हाळ माणूस आवडतो की एकओळी विनोद करणारा, घरातले किस्से की राजकारण, हे आपलं आपल्यालाही आधी माहीत नसतं.

ट्रायल शो हा प्रकार नीट समजून घ्यावा, कारण जास्तीत जास्त गैरसमज इथे होतात. ओळखीचा कलाकार असतो, तिकीट त्याच्या नेहमीच्या शोपेक्षा बरंच स्वस्त असतं, आणि तो हातात वही किंवा मोबाइल घेऊन तासभर नवं लिहिलेलं करून बघतो. मधेच थांबतो, ‘हे जमलं नाही’ म्हणून खूण करतो, एखादा भाग अर्ध्यावर सोडतो. त्याच कलाकाराचा पुढचा मोठा शो कसा घडतोय हे बघण्याची ही संधी आहे. घरच्या पाहुण्यांना मात्र इथे नेऊ नका.

सोलो शो म्हणजे साठ ते नव्वद मिनिटांचा पक्का कार्यक्रम. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं एक ओपनर येतो. ओपनर चालू असताना गप्पा मारायच्या नसतात. तो खोली तापवत असतो, आणि थंड खोलीत मुख्य माणसाची पहिली दहा मिनिटं वाया जातात. क्राउडवर्क शोमध्ये जवळजवळ सगळा मजकूर प्रेक्षकांशी बोलण्यातून निघतो. तुम्हाला कुणी नाव-गाव विचारलेलं आवडत नसेल तर तो प्रकार टाळलेला बरा.

मराठीत स्टँड-अप ऐकायचं असेल तर आता पर्याय चांगले आहेत. भाडिपा या मराठी चॅनेलनं यूट्यूबवर मराठी स्टँड-अप आणल्यावर एक मोठा वर्ग त्याकडे वळला, आणि मुंबई-पुण्यात मराठी ओपन माइक होतात, नाट्यगृहांत सोलो लागतात. मराठी प्रेक्षकाला एका माणसाचं बोलणं तास-दीड तास ऐकायची सवय जुनीच आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला बसले की लोक तसेच बसत. फरक इतकाच की कथाकथनात हशा गोष्टीच्या ओघात येतो, आणि स्टँड-अपमध्ये तो दर पंधरा-वीस सेकंदांनी यावा अशी मांडणी असते. त्यामुळे लक्ष थोडं जास्त द्यावं लागतं.

तिकीट काढताना काय वाचायचं

बुकमायशो आणि डिस्ट्रिक्ट या दोन अ‍ॅपवर बहुतेक शो मिळतात. लहान ओपन माइकची घोषणा अनेकदा जागेच्या किंवा आयोजकाच्या इन्स्टाग्राम पानावरच असते. पैसे भरण्याआधी पानाच्या खालचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. पाच गोष्टी शोधायच्या.

१. भाषा. ‘हिंदी, इंग्रजी’ लिहिलेला शो मराठी नावाच्या कलाकाराचा असला तरी मराठीत होणार नाही.

२. वय. सोळा किंवा अठराची अट असेल तर ती शिव्या आणि लैंगिक विषयांसाठी असते. दारात ओळखपत्र मागतात आणि वय कमी असेल तर पैसे परत मिळत नाहीत. आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना नेणार असाल तर आयोजकाला सरळ संदेश पाठवून विचारा, ‘घरच्या मोठ्या माणसांबरोबर बसून ऐकता येईल का?’ आयोजक खरं उत्तर देतात, कारण पहिल्या रांगेत अवघडून बसलेलं कुटुंब त्यांनाही नको असतं.

३. बसायची पद्धत. नाट्यगृहात आसन क्रमांक असतो. क्लब आणि कॅफेत ‘आधी येईल तो आधी बसेल’.

४. कव्हर चार्ज. काही ठिकाणी तिकिटाशिवाय खाण्यापिण्यावर किमान खर्च सक्तीचा असतो. दोनशेचं तिकीट घेतलेल्या माणसाला आठशेचं बिल आलं की सगळी मजा तिथेच संपते.

५. चित्रीकरण. शोचं शूटिंग होणार असेल तर तसं लिहिलेलं असतं, आणि आत जाणं म्हणजे तुमचा चेहरा दिसायला संमती धरली जाते. ऑफिसात आजारपणाची रजा टाकली असेल तर त्या दिवशी मागे बसा.

कुठे बसायचं

छोटी, ठासून भरलेली, बुटक्या छताची खोली ही स्टँड-अपसाठी सगळ्यांत चांगली जागा. हसू आवाजावर पसरतं. शेजारचा हसला की आपल्याला हसू येतं, आणि छत खाली असलं की तो आवाज खोलीतच फिरतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाला आढळलं होतं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट जास्त चारचौघांत हसतो. घरी हेडफोन लावून ज्या विनोदाला नुसतं स्मित येतं त्याला खोलीत पोट धरून हसतो ते यामुळे. २०१० साली लंडनच्या कॉमेडी स्टोअरनं मुंबईत लोअर परळच्या पॅलेडियममध्ये थिएटर उघडलं, तेच पुढे कॅनव्हास लाफ क्लब झालं. मुद्दाम स्टँड-अपसाठी बांधलेली अशी जागा आणि कॅफेचा वरचा मजला यांत पडणारा फरक एकदा तरी अनुभवावा.

क्लबमध्ये पहिली रांग म्हणजे होस्टच्या हातात सापडणं. ते आवडत असेल तर जरूर बसा. नको असेल तर तिसरी-चौथी रांग उत्तम. तिथे चेहऱ्यावरचे बारकावे दिसतात आणि प्रकाश तुमच्यावर पडत नाही. बारच्या काउंटरजवळ मिक्सरचा आणि बर्फाचा आवाज, स्वच्छतागृहाच्या दाराजवळ सारखी ये-जा, खांबामागे निम्मा कलाकार. एसीच्या झोताखाली दीड तास बसलात तर हसण्याआधी शिंका येतील.

नाट्यगृहात सातवी ते बारावी रांग, मधला भाग. बाल्कनीतून ऐकू सगळं येतं, पण हशा खालून वर पोचतो आणि आपण किंचित बाहेरचे राहतो. स्वस्त तिकिटासाठी बाल्कनी घेतलीच तर तिच्या पुढच्या रांगेत, इतरांना लागून बसा. हे सगळीकडे लागू आहे: जागा मोकळी असली तरी पसरून बसू नका. चाळीस माणसं शंभर खुर्च्यांवर विखुरली की कुणालाच मोठ्यानं हसायचा धीर होत नाही. होस्टनं ‘पुढे या’ म्हटलं की उठून पुढे जा. तो ते पहिल्या रांगेत बकरा हवा म्हणून म्हणत नाही, खोली जमावी म्हणून म्हणतो.

पोचणं, खाणं, मोबाइल

क्लबमध्ये अर्धा-पाऊण तास आधी पोचा. दार साधारण अर्धा तास आधी उघडतं, शो दहा-पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. नाट्यगृहात तिसरी घंटा झाली की पडदा, त्यामुळे तिथे हा हिशेब धरू नका. परतीची सोय आधी ठरवा. शेवटच्या लोकलच्या काळजीनं घड्याळ बघत बसलेला माणूस शेवटची वीस मिनिटं ऐकत नाही, आणि सोलो शोमधलं सगळ्यांत चांगलं शेवटीच ठेवलेलं असतं.

जेवून जा, किंवा ऑर्डर शो सुरू होण्याआधी द्या. मधे वेटरला हाक मारायची नाही, हात वर करून खूण करायची. कुरकुरीत पदार्थ, चुरचुरणारी पाकिटं नकोत. बार असलेल्या जागी बिलं बहुधा शो संपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी टेबलांवर येतात आणि नेमक्या त्या वेळी सगळे मान खाली घालून आकडे बघतात. स्टेजवरच्या माणसाला तेव्हा एकदम खोली हरवल्यासारखी वाटते. बिल आधीच मागून चुकतं करून टाका.

मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून भागत नाही. टेबलावर तो घरघरतो. सायलेंट करा, उलटा ठेवा, किंवा खिशात. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा उजेड थेट चेहऱ्यावर पडतो आणि स्टेजवरून तो चेहराच आधी दिसतो. रेकॉर्डिंग अजिबात नको, तीस सेकंदांचंही नको. विनोद ऐकलेला असला की निम्मा मेलेला असतो, आणि कलाकार तोच तास वर्षभर वेगवेगळ्या गावांत करत असतो. ट्रायलमधलं कच्चं वाक्य कापून बाहेर गेलं तर संदर्भ सुटतो, वाद उठतो, आणि ते वाक्य कदाचित त्यानं दुसऱ्याच दिवशी काढूनही टाकलेलं असतं. काही शोंमध्ये मोबाइल पाकिटात बंद करून घेतात. ते पाकीट तुमच्याकडेच राहतं, बाहेर पडताना उघडून मिळतं.

विनोद कसा बांधलेला असतो

हे थोडं समजलं की ऐकण्यात वेगळीच रंगत येते. एक साधं उदाहरण घेऊ.

‘आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे: चार माणसांसाठी. खाली कुणीतरी पेनानं लिहिलंय: नेने काका असतील तर तीन.’

पहिलं वाक्य सेटअप, म्हणजे विनोदाची पूर्वतयारी. दुसऱ्यातला शेवटचा शब्द पंच, म्हणजे हसू आणणारा. आता तोच विनोद असा सांगून बघा: ‘नेने काका असतील तर तीनच माणसांनी लिफ्ट वापरावी, असं कुणीतरी पेनानं लिहिलंय.’ हशा ‘तीन’वर यायला हवा, पण त्यानंतर सात शब्द उरलेत. प्रेक्षक ते ऐकायला थांबतो आणि हसायची वेळ टळते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, त्यामुळे मराठी कलाकाराला ही कसरत सतत करावी लागते. क्रियापद गाळायचं, आधी आणायचं, किंवा पाटी, निरोप, कुणाचं तरी बोलणं अशा रूपात वाक्य आणायचं, म्हणजे हवा तो शब्द शेवटी राहतो. चांगला मराठी स्टँड-अप ऐकताना हे मुद्दाम टिपा. मालवणी किंवा वऱ्हाडीत बोलणारा कलाकार असेल तर शेवटचा हेलही पंचचं काम करतो.

त्याच विनोदाला पुढे टॅग लागतो. ‘त्याच्याखाली नेने काकांचं अक्षर: मी जिन्यानं येतो.’ दुसरा हशा. मग जरा थांबून: ‘हे लिहायला लिफ्टमध्ये आले होते ना!’ तिसरा. नव्या सेटअपशिवाय तीन हशे. आणि चाळीस मिनिटांनंतर कलाकार भलत्याच विषयावर, समजा आजोळच्या लग्नावर, बोलत असतो. बुफेच्या रांगेत कुणीतरी एक माणूस मागे सरकतो आणि म्हणतो, ‘मी जिन्यानं येतो.’ सगळी खोली कोसळते. याला कॉलबॅक म्हणतात. जो पंधरा मिनिटं उशिरा आला, किंवा लिफ्टच्या वेळी मोबाइलमध्ये होता, तो इकडेतिकडे बघत राहतो. वेळेवर पोचा, हा आग्रह यासाठी.

ऐकताना तुमच्याकडून एवढंच हवं: हसू आलं की आवाज काढून हसा. बरेच जण गालात हसतात, मान डोलावतात. स्टेजवर दिवे डोळ्यांवर असतात, कलाकाराला चेहरे दिसत नाहीत, तो कानांनी खोली वाचतो. टाळी जपून द्या. दर विनोदाला टाळी पडली की हशा तुटतो आणि त्याची लय बिघडते. पंच शेजाऱ्याला पुन्हा सांगू नका, समजावूनही सांगू नका. भाषा न कळणाऱ्या पाहुण्याला घेऊन जाण्यात हीच अडचण आहे. तुम्ही भाषांतर करत राहता आणि दोघांचेही पुढचे दोन विनोद जातात.

स्टेजवरून विचारलं तर

होस्ट ‘काय नाव? काय करता?’ विचारतो तेव्हा छोटं, खरं आणि ऐकू जाईल असं उत्तर द्या. ‘सुलभा. बँकेत. लोन विभाग.’ एवढं पुरे. त्याला त्यातून दोन मिनिटं काढता येतात. आपण स्वतः विनोदी उत्तर द्यायला गेलो की गाडी अडते. खोटं सांगितलं तर तिसऱ्या प्रश्नाला पकडले जातो आणि त्याच्या हातात काही उरत नाही. लांबलचक उत्तर माइकशिवाय मागच्यांना ऐकूच जात नाही. बोलायचं नसेल तर हसून हात जोडा किंवा मान हलवा. चांगला होस्ट लगेच पुढे सरकतो.

‘तुमच्यापैकी कुणी कधी घर शिफ्ट केलंय का?’ असे प्रश्न बहुतेक वेळा सेटअप असतात. हात वर करा, टाळी द्या, पण किस्सा सुरू करू नका. थांबून तुमच्याकडे बघितलं तरच बोला.

मधेच ओरडणं, म्हणजे हेकलिंग, कार्यक्रमात भर घालतं असा एक समज रील्समुळे पसरलाय. रीलमध्ये दिसतो तो कलाकारानं दिलेला जोरदार टोला. त्यानंतर विस्कटलेली पाच मिनिटं कापलेली असतात. लिफ्टच्या विनोदात ‘चार माणसांसाठी’ आणि ‘खाली कुणीतरी’ यांच्यामध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता आहे. तिथे कुणी ‘आमच्याकडे सहा!’ ओरडला की पाटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाते आणि विनोद पुन्हा उभा करता येत नाही. गटानं गेलात आणि तुमच्यातलाच कुणी प्यायल्यावर बोलायला लागला तर त्याला आवरायची जबाबदारी तुमची. स्टाफ येण्याआधी त्याला बाहेर घेऊन जा.

रंगत नसेल तेव्हा

ओपन माइकला एखाद्याचे चार विनोद सलग पडतात. खोटं हसू नका. कुठला भाग चालतो हे त्याला तुमच्याच आवाजावरून कळायचं असतं, आणि दयेनं हसलात तर तो चुकीचा विनोद पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊन येईल. पण तोंड फिरवून गप्पाही मारू नका. शांतपणे ऐका, पाच मिनिटांचा प्रश्न असतो. एखादी गोष्ट खटकली, दुखावून गेली, तर उठून जायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शक्य तर दोन कलाकारांच्या मधे, होस्ट स्टेजवर असताना निघा. चालू विनोदात पहिल्या रांगेतून उठलात तर सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे जातं आणि त्यातून नको तो संवाद सुरू होतो. तक्रार असेल तर आयोजकाला नंतर, शांतपणे.

शोनंतर कलाकार दाराशी भेटला तर ‘मस्त होता’ पेक्षा ‘ते लिफ्टचं फार आवडलं’ म्हणा. कुठला भाग लक्षात राहिला हे त्याच्या कामाचं असतं. त्याला विनोद सुचवू नका, आणि ‘तुमच्यासारखाच एक जण परवा…’ अशी सुरुवातही नको. फुकट शोमध्ये शेवटी डबा फिरतो किंवा क्यूआर कोड दाखवतात. सिनेमाच्या तिकिटाएवढे तरी द्या.

फेस्टिव्हलमध्ये

मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस भरतो, प्रवेश फुकट असतो आणि स्टँड-अपचा त्यात स्वतंत्र विभाग असतो. फुकट म्हणजे रांग. शनिवार-रविवार सोडून मधल्या वाराची संध्याकाळ धरा, आणि ज्या शोला जायचंच आहे त्याच्या तासभर आधी रांगेत उभे राहा. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून चालत जा. त्या दिवसांत तिथे गाडी लावायचा विचारही करू नका.

उघड्यावरच्या स्टेजला स्टँड-अप ऐकणं अवघड जातं. हशा आकाशात जातो, शेजारच्या मंचावरचा ढोल मधे शिरतो, आणि लांबच्या स्पीकरमधून आवाज अर्धा क्षण उशिरा येतो. तरी बसायचंच असेल तर स्टेजच्या जितक्या जवळ तितकं बरं. एकाच वेळी दोन शो असतील तर छताखालचा निवडा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा ऑगस्टमध्ये तिकडे जाणाऱ्या वाचकांसाठी एडिनबरा फ्रिंज, स्कॉटलंडमधला कला महोत्सव. १९४७ मध्ये एडिनबराच्या अधिकृत महोत्सवाचं निमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्यांनी स्वतःहून प्रयोग केले, तिथून हे सुरू झालं. आता तीन आठवड्यांहून जास्त काळ, तीन हजारांहून अधिक कार्यक्रम, आणि त्यात मोठा वाटा विनोदाचा. २०२३ मध्ये मुंबईच्या उरूज अशफाकला तिथलं सर्वोत्कृष्ट नवोदिताचं विनोदी पारितोषिक मिळालं.

तिथली आखणी अशी करा. बहुतेक शो तासाभराचे असतात. दिवसाला तीन ठरवा, चौथा ऐन वेळी. दोन शोंमध्ये किमान चाळीस मिनिटं ठेवा, कारण नकाशा फसवतो: साउथ ब्रिज हा रस्ता काउगेट या खालच्या रस्त्याच्या डोक्यावरून जातो. नकाशावर दोन्ही जागा एकाच ठिकाणी दिसतात आणि प्रत्यक्षात मधे जिने उतरावे लागतात. उशिरा आलेल्यांना बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस प्रिव्ह्यूचे, तिकीट कमी आणि शो जरा सैल. रॉयल माइल या रस्त्यावर कलाकार स्वतः पत्रकं वाटतात. पत्रक देणारा माणूसच स्टेजवर असणार असेल तर दोन मिनिटं बोला, त्याचा विनोद जमेल की नाही लगेच कळतं. पीटर बकली हिल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या फ्री फ्रिंजमध्ये तिकीट नसतं, बाहेर पडताना बादली धरतात. नोटा सुट्ट्या ठेवा, बऱ्याच जणांकडे कार्डाचं यंत्रही असतं. पावसाळी जाकीट लागतंच. छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही, आणि ओली छत्री तळघरातल्या खोलीत ठेवायला जागा नसते.

सोसायटीच्या गणपतीत शो ठेवायचा असेल तर

आता बऱ्याच सोसायट्या, आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळंही, ऑर्केस्ट्राऐवजी स्टँड-अप ठेवतात. चांगले कलाकार बोलावूनही शो पडतो, आणि पडण्याची कारणं ठरलेली आहेत.

दिवे. प्रेक्षकांवर ट्यूबलाइट लख्ख चालू असेल तर माणसं हसायला लाजतात, शेजारचा बघतोय असं वाटतं. प्रेक्षकांवरचे दिवे मालवा, जिन्याजवळचा एक ठेवा, आणि स्टेजवर एकच पांढरा, स्थिर दिवा. रंग बदलणारे डीजेचे दिवे बंद.

खुर्च्या. शंभर माणसं येतील असं वाटत असेल तर सत्तर मांडा, बाकीच्या मागे रचून ठेवा आणि लागतील तशा काढा. मधोमध वाट सोडू नका. कलाकाराच्या समोर रिकामी पट्टी राहते आणि हशा दोन तुकड्यांत फुटतो. वाट कडेनं असू दे. पहिली रांग स्टेजपासून पाच-सहा फुटांवर. समोरच्या सतरंजीवर लहान मुलं बसवायची पद्धत या दिवशी मोडा. त्यांच्यासाठी त्याच वेळी दुसरीकडे चित्रकला ठेवा.

आवाज. तारेचा साधा माइक, शुअर एसएम ५८ सारखा, आणि गोल बुडाचा सरळ स्टँड. कॉलर माइक नको, कलाकार माइकशी खेळतात, जवळ-लांब करतात. साउंडवाल्याला आवर्जून सांगा: एको पूर्ण बंद. गाण्यासाठी लावून ठेवलेला एको तसाच राहिला की प्रत्येक पंच दोनदा ऐकू येतो. स्पीकर भिंतीकडे नको, बसलेल्यांच्या डोक्याच्या किंचित वर, त्यांच्याकडे तोंड करून. उघड्यावर असेल तर रात्री दहाची मर्यादा लक्षात घ्या. राज्य सरकारनं सूट दिलेले दिवस वर्षातून मोजकेच असतात.

वेळ. आरती झाल्यावर, जेवणाआधी, पंचेचाळीस मिनिटं. जेवणासोबत कधीही नाही, कारण तोंडात घास असलेला माणूस हसत नाही. बक्षीस समारंभाच्या मधेही घुसवू नका.

कलाकाराला आठवडाभर आधी सांगा: प्रेक्षकांत साठीच्या पुढचे किती, मुलं किती, मराठी न समजणारी किती घरं, आणि कोणते विषय चालणार नाहीत. हे शो सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी अध्यक्षांनी कानात सांगितलं तर त्याचा अर्धा मजकूर उडतो आणि नवा जुळवायला वेळ नसतो. ओळख करून देताना ‘आता हे आपल्याला हसवणार आहेत’ म्हणू नका, नाव आणि एक ओळ पुरे. मानधनातलं निम्मं तारीख ठरताना पाठवा, उरलेलं त्याच रात्री तो निघायच्या आधी. प्रवासखर्च वेगळा धरा, आणि जेवायला थांबवा.